पाहिजे : जुना, हलका, स्वस्त तंबोरा

हुबळी-धारवाडात गाण्याबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. जिथं मल्लिकार्जुन मन्सूर राहिले, बसवराज राजगुरू राहिले, गंगूबाई हनगल राहिल्या, तिथला न्हावीसुद्धा दाढी करता करता "परवाचा पुरिया जरा घाईनं आटोपला बघा" असं सुनावतो आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळं आपण ते ताबडतोब मान्य करतो. अशी मतं असलेल्या सगळ्यांच्या घरी माळ्यावर, कपाटामागं किंवा देवघराच्या कोपऱ्यात एक तंबोरा असतो. तो कोणी वाजवत नाही आणि कोणी विकतही नाही. ही बातमी मला कन्येला गाण्याच्या शिकवणीला घातल्यावर कळली.

आम्ही हुबळीत विद्यानगरला, मास्तर धारवाडात सप्तापुरात. सुरुवातीला पोरगी मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर सा लावायची. त्यात मधूनच माझ्या मेव्हण्याचा फोन यायचा आणि पंचमाच्या जागी त्याची रिंगटोन वाजायची. मास्तरांनी काही दिवस सोसलं. मग एके दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "साहेब, त्या डबीतून आवाज येतो, सूर येत नाही. पोरीचे कान बिघडतील. तंबोरा आणा."

"मास्तर, बाजारात इलेक्ट्रॉनिक मिळतो ना? पेटीएवढा असतो. बटण दाबलं की..."

"बटण दाबून गाणं येत असतं तर लिफ्टमनचे पंडित झाले असते."

मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस. कुठलीही वस्तू घेण्याआधी अटी लिहून काढतो. माझ्या अटी तीन होत्या. तंबोरा जुना हवा, कारण पोरगी दिवाळीपर्यंत गाईल की कराटेला जाईल याची हमी नाही. हलका हवा, कारण तो विद्यानगरहून सप्तापूरला चिगरी बसनं न्यायचा. आणि स्वस्त हवा. या तिसऱ्या अटीला कारण द्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

मास्तरांच्या अटी चार निघाल्या. तंबोरा भोपळ्याचा हवा, बायकी हवा, लाकूड मुरलेलं हवं आणि जवारी बोलती हवी. माझ्या तीन आणि त्यांच्या चार शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कुठल्याही शाखेनं 'नामंजूर' शेरा मारावा असं प्रकरण तयार झालं.

"अहो, पण चार-साडेचार फुटांचं धूड घेऊन पोरगी बसमधून येणार कशी?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जायच्या, सवाई गंधर्वांकडं शिकायला. तुमच्या पोरीला एसी चिगरी आहे."

हुबळीत गंगूबाईंचं नाव निघालं की वाद संपतो. तो संपवायला मास्तरांना कधी जास्त वेळ लागत नाही.

बँकेत मी हा विषय काढला आणि कामकाज थांबलं. रोखपाल म्हणाला, "तारा किती असतात त्याला?"

"चार. एक पंचम, दोन जोडीच्या, एक खर्ज."

"चारच? मग एवढी लांब दांडी कशाला? अर्धी कापून घ्या की. माझा एक सुतार आहे ओळखीचा."

दुसरा गदगचा. गदगच्या माणसाला भीमसेन जोशींच्या बाबतीत मालकी हक्कानं बोलण्याची मुभा असते. तो म्हणाला, "अकराव्या वर्षी तुपावरून रुसून घरातून पळाले ते. बिनतिकीट. तेव्हा खांद्यावर तंबोरा होता काय? गाणं आत असावं लागतं हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या पोरीला रोज पोळीवर भरपूर तूप मिळतं, तेव्हा तिच्यात काय आहे ते इतक्यात कळणार नाही, असं ठरून मंडळी जेवायला उठली.

पण बातमी पसरली. एका म्हाताऱ्या ओळखीच्यांनी माळमड्डीतल्या एका आजींचा पत्ता दिला. मी सपत्नीक पोचलो. आजींनी दार उघडून विचारलं, "चहा आधी की दर्शन आधी?" मी व्यवहारी माणूस, दर्शन म्हणालो. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. उंच कपाटावर तंबोरा आडवा निजला होता. त्याच्या दोन खुंट्यांना छत्र्या लटकल्या होत्या आणि भोपळ्याला टेकून लोणच्याची बरणी होती. अंगावर गवसणी मात्र पाहण्यासारखी होती. हिरव्या इरकलीची, लाल काठ बरोबर दांडीवरून उभा नेलेला, तोंडाशी टोपपदराचा तुकडा लावून नाडी ओवलेली.

"माझ्या लग्नातल्या लुगड्याची," आजी म्हणाल्या. "दोघांना एकाच लुगड्यातनं शिवल्या."

"दोघांना?"

"जोडी आहे ही. गवयाला मागं दोन लागतात. दुसरा मिरजेला गेलाय दुरुस्तीला. सूनबाईनंच पाठवलाय. येईल आता."

सूनबाई लगबगीनं चहा टाकायला आत गेल्या.

मी भोपळ्यावर हलकेच टिचकी मारली. आजी कळवळल्या. "हळू हो! यावर मन्सूरअण्णांनी हात फिरवलाय." मी हात मागं घेतला. किंमत विचारली तेव्हा त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी त्यांच्या सूनबाईंची किंमत विचारली असावी. "विकायचा नाही. आणि जोडी तर फोडायचीच नाही. दुसरा आला की दोन्ही देईन शिकणाऱ्या पोरीला, तसेच. पैसे नकोत." पुढं म्हणाल्या, "मिरजेवाले वेळ लावतात. काम चांगलं असतं ना त्यांचं."

त्या दिवसापासून मी जितके तंबोरे पाहिले, त्यातल्या एकावरही मन्सूरांनी हात फिरवला नाही असं झालं नाही. उरलेल्या वेळेत ते गायले कधी हा प्रश्न मला पडला, पण धारवाडात तो जाहीरपणे विचारण्याचं धाडस मी केलं नाही.

हुबळीत देशपांडेनगरच्या बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र खरोखर विकायला तयार होते. "बर्री, बर्री, कूड्री," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, गिरमिट दिलं आणि मग तंबोरा आणायला आत गेले. आणायला म्हणजे त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून तो ओढत आणला. माझ्या उंचीची दांडी आणि भोपळा असा की त्यामागं पोरगी बसली तर हजेरीत गैरहजर लागेल.

"हा मर्दानी आहे," मी नव्यानं शिकलेला शब्द वापरला. "पुरुषांचा सूर काळी एक, काळी दोन. मुलीचा काळी चारच्या पुढं. एवढा चढवला तर तारा तुटतील."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गंगूबाईंचा आवाज कसला होता?"

मी गप्प. घशाच्या इलाजानंतर त्यांचा आवाज जाड झाला आणि त्या पुरुषांच्या सुरात गाऊ लागल्या, हे हुबळीत शाळेतली पोरंही सांगतील.

"मग? घेऊन ठेवा. पोरीचा आवाजही उतरेल एखाद दिवस. कोणी सांगावं?"

माझ्या बारा वर्षांच्या मुलीचा आवाज बिघडण्याची वाट पाहत हप्ते भरावेत अशी ती योजना होती. मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यांनी गिरमिट बांधून दिलं.

नंतर 'अगदी नव्यासारखा, कमी वापरलेला' अशा जाहिरातीवरून मी एका नव्या अपार्टमेंटमध्ये गेलो. तंबोरा दिवाणखान्यात उभा होता आणि त्याच्या भोपळ्यातून पिवळा उजेड पडत होता. आत बल्ब होता. मालकीणबाई म्हणाल्या, "वायरिंग काढून देऊ का, की असाच हवा?" कमी वापरलेला होता हे खरंच. वीजबिल जास्त आलेल्या महिन्यात तेवढा बंद ठेवत.

शेवटी सौ. म्हणाल्या, "अहो, उगमालाच जाऊन या." म्हणून मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला गेलो. मिरजेची सतारमेकर गल्ली म्हणजे तंतुवाद्यांचं माहेर. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथं वाद्यं करायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांची गल्लीच उभी राहिली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जाड सालीचे कडू भोपळे येतात, ते वाळतात, कापतात, त्यावर तुनाच्या लाकडाची तबली आणि दांडी बसते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते मला परवडणारं नव्हतं, पण अभिमान वाटला.

दुकानात एक वयस्क कारागीर मांडीशी तंबोरा घेऊन जवारी काढत बसले होते. घोडीच्या हाडासारख्या पांढऱ्या पाठीवर कानस फिरवायची, फुंकर मारून भुसा उडवायचा, तार छेडायची, कान तिरका करायचा, पुन्हा कानस. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवत सरकवत त्यांनी तो एका जागी थांबवला आणि नुसत्या खर्जातून भुंग्यांची वरात निघाली. माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा आला. काटा बसल्यावर मी विचारलं, "सेकंडहँड आहे का?"

कानस थांबली. "साहेब, तंबोरा जितका जुना तितका बोलतो. बोलायला लागलेला कोण विकेल? आणि विकायला येतो तो बोलत नसतो, म्हणून तर येतो."

एवढं स्पष्ट मला धारवाडात कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसरी अट पुढं केली. त्यांनी एक चपटा, भोपळा नसलेला, खोळीत घालून खांद्याला लावता येईल असा तंबोरा काढला. "हा परदेशातले लोक नेतात. विमानात चालतो." माझा जीव भांड्यात पडला. लगेच मास्तरांना फोन लावला.

"भोपळा नाही?" पलीकडून आवाज आला. "म्हणजे पोट नसलेला आचारी. त्याच्या हातचं कोण जेवेल?" फोन बंद.

माझा चेहरा पाहून कारागिरांना दया आली असावी. त्यांनी वर बोट केलं. छताला दुरुस्तीला आलेल्या तंबोऱ्यांची रांग टांगली होती, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. "यातले कित्येक न्यायलाच कोणी येत नाही. घरात अडचण होते म्हणून दुरुस्तीला पाठवतात. दुरुस्ती आमची संपते, त्यांची अडचण परत सुरू व्हायला नको." एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धारवाड. अर्जंट.' कागद पिवळा पडला होता आणि 'अर्जंट'मधला रफार उडाला होता.

त्यांनी तो खाली उतरवला. बायकी, मध्यम आकाराचा, जवारी काढून तयार. आणि अंगावर हिरव्या इरकलीची गवसणी, लाल काठ बरोबर दांडीवरून उभा नेलेला, तोंडाशी टोपपदराचा तुकडा.

मी काही बोलायच्या आत त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून बाईंचा अगदी दबलेला आवाज आला. "दुरुस्तीचे पैसे तुम्ही भरताय ना? मग न्या. आम्हाला काही नको. फक्त धारवाडात आणू नका."

"अहो, पण शिकवणी धारवाडातच आहे."

क्षणभर शांतता. मग, "मग निदान माळमड्डीतनं जाऊ नका," आणि मोठ्यानं, खास घरातल्यांसाठी, "राँग नंबर!"

मी पैसे भरले. दुरुस्तीच्या खर्चात तंबोरा मिळाला म्हणजे माझी तिसरी अट पुरी झाली. जुना होताच. राहिला हलका. त्याचा निकाल परतीच्या प्रवासात लागला.

तंबोरा रेल्वेत कुठं ठेवायचा याबद्दल भारतीय रेल्वेत शिरणाऱ्या प्रत्येकाचं मत असतं. बाकाखाली मावत नाही, उभा केला तर पंख्याला लागतो. शेवटी वरचा बर्थ त्याला दिला आणि मी खाली दाराशी बसलो. बेळगावला चढलेल्या एका काकूंनी वर पाहून हात जोडले. "कुठलं भजनी मंडळ?" मी खाजगी वापरासाठी आहे म्हणालो. लोंढ्याला एक मुलगा म्हणाला, "अंकल, एक गाणं होऊन जाऊ दे." मी गात नाही म्हटल्यावर डब्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. तंबोरा बाळगतो आणि गात नाही, म्हणजे चोरीचा असणार, हे एका आजोबांनी शेजाऱ्याला कन्नडमध्ये, मला कळेल इतक्या हळू आवाजात सांगितलं.

हुबळीला उतरलो. श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा फलाट 1507 मीटरचा, जगातला सर्वांत लांब. 2023 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं तेव्हा गोरखपूरच्या 1366 मीटरच्या फलाटाला मागं टाकलं म्हणून आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. त्या पेढ्यांचा हिशेब त्या रात्री चुकता झाला. माझा डबा एका टोकाला, बाहेरचा रस्ता दुसऱ्या टोकाला आणि छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेला तंबोरा. भोपळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, दांडी कुणाच्या डोळ्यात जाऊ द्यायची नाही, खुंट्या फिरू द्यायच्या नाहीत. वाटेत एका हमालानं गवसणीकडं पाहून आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, पेशंट आहे काय? व्हीलचेअर आणू?" मोह झाला. जागतिक विक्रम ऐकायला छोटा असतो, चालायला लागलं की मोठा होतो.

घरी सौ. नी औक्षण केलं. ते तंबोऱ्याचं होतं. मी जिन्यात बसून पाणी मागत होतो.

पहिल्या शिकवणीला आम्ही तिघं निघालो: मी, कन्या आणि तो. चिगरीच्या थांब्यावर तिकीट दाखवून फाटकातून आत शिरावं लागतं. कन्या शिरली. मी शिरलो. तंबोरा आडवा आला. उभा केला तर छत, आडवा केला तर फाटक, तिरका केला तर मागचा माणूस. सुरक्षारक्षकानं विचारलं, "हे माणूस की सामान?" रांगेतून उत्तर आलं, "घराणं!" शेवटी सगळ्या रांगेनं मिळून तो फाटकावरून पलीकडं पोचवला. पलीकडच्यांनी तो झेलला. एवढ्या हातांतून गेल्यावर यापुढं कुणी 'यावर कुणाचा हात फिरलाय' विचारलं तर मला निदान खरं उत्तर देता येईल. वातानुकूलित बसमध्ये मधल्या जागेत तंबोरा, त्याच्याभोवती आदरानं दीड फूट अंतर सोडून उभी असलेली मंडळी आणि त्या मोकळ्या जागेत ऐसपैस मोबाईल पाहत उभी असलेली माझी कन्या. ज्युबिली सर्कलला उतरलो. तिथून सप्तापूर, माळमड्डी टाळून. सप्तापूरला जायला माळमड्डी लागतच नाही, तरी मी लांबचा वळसा घेतला.

मास्तरांनी गवसणी उतरवली. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पंचम, जोडी, खर्ज असा हात फिरवला आणि खोली भरून गेली. कन्येनं सा लावला. तो सूर तंबोऱ्यात कुठं मिसळला ते मला कळलं नाही, पण मास्तरांनी डोळे मिटून "हां" म्हटलं. त्यांच्याकडून ऐकलेलं ते पहिलंच "हां" होतं.

मग डोळे उघडून त्यांनी खुंटीवरच्या हस्तिदंती ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा जोडीतला आहे, साहेब. याचा भाऊ कुठंतरी असणार. एकट्याला करमत नाही. मैफलीला मागं दोन लागतात. जोड शोधा."

"कुठं शोधू?" मी शक्य तितक्या निरागसपणे विचारलं.

"माळमड्डीत एक आजी आहेत. त्यांच्याकडं अगदी असाच आहे. पण विकत नाहीत. दुसरा मिरजेहून आला की दोन्ही शिकणाऱ्या पोरीला फुकट देणार म्हणतात. मी चौकशी करू?"

"करा की," सौ. चा फोनवरून सांगितलेला निरोप कन्येनं दिला.

"मिरजेवाले मात्र फार वेळ लावतात हो," मास्तर हळहळले.

"फार," मी म्हणालो आणि हिरवी गवसणी घडी घालून पिशवीच्या तळाशी कोंबली.